जबाबदारी आधी, आत्मविश्वास मागून

(हीरकमहोत्सवानिमित्त भरलेल्या पालक व माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



सणासुदीच्या दिवसांत बडा फुहाऱ्यावर संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते. कमानिया गेटकडून येणारी गर्दी, सराफ्याकडे वळणारी गर्दी आणि बांगड्यांच्या दुकानांपाशी रेंगाळणारी गर्दी एकमेकींत मिसळून जाते. आईचे बोट धरून आलेली आठ-नऊ वर्षांची मुलगी या गर्दीतही दुकानदाराला बेधडक विचारते, "भैया, ये कितने का है?" भाव जास्त वाटला तर नाक मुरडते, शेजारचे दुकान दाखवते. तीच मुलगी चौदाव्या वर्षी आईच्या मागे उभी राहते. काय हवे ते आईच्या कानात सांगते आणि दुकानदाराशी आईच बोलते. मधल्या पाच-सहा वर्षांत तिची बुद्धी वाढलेली असते, हिशेब पक्का झालेला असतो, मराठी, हिंदी आणि थोडी इंग्रजी अशा तीन भाषा तिच्या जिभेवर आलेल्या असतात. आवाज मात्र उतरलेला असतो.

वर्गातही हेच चित्र दिसते. पाचवीत प्रश्न विचारताच सगळे हात वर होतात. नववीत उत्तर येत असूनही कित्येक मुली वहीकडे पाहत बसतात. या वयात शरीर बदलते, मासिक पाळी सुरू होते, चेहऱ्यावरची एखादी पुटकुळीही जगबुडीसारखी वाटते. त्याच सुमारास घरातल्या सूचनाही बदलतात. "हळू बोल", "एवढ्याने हसू नकोस", "खिडकीत उभी राहू नकोस", "पाहुणे आलेत, पाणी घेऊन ये". प्रत्येक सूचना प्रेमापोटीच दिलेली असते. पण दिवसातून वीस वेळा ऐकलेल्या या सूचनांतून मुलीला एकच अर्थ लागतो : आपण जितक्या कमी दिसू, तितक्या चांगल्या.

मग दहावीच्या निकालानंतर किंवा महाविद्यालयाच्या मुलाखतीच्या वेळी पालक तक्रार करतात की मुलगी हुशार आहे, पण तिच्यात आत्मविश्वास नाही. ही तक्रार खरी असते, तिच्यावरचा उपाय मात्र बहुधा उलटा योजला जातो. आधी आत्मविश्वास येऊ दे, मग जबाबदारी देऊ, असे घरी ठरते. आधी पोहायला शीक, मग पाण्यात उतर, असे सांगण्यासारखेच हे आहे. आत्मविश्वास जबाबदारीच्या आधी येत नाही. लहानशी, पण खरी जबाबदारी अंगावर पडते, ती कधी धडपणे तर कधी धडपडत पार पडते, आणि मागे वळून पाहताना जे मनात उरते त्याला आत्मविश्वास म्हणतात. आजच्या विषयाचा सारा गाभा एवढ्या एका वाक्यात आहे.

ही गोष्ट जबलपूरला नवी नाही. भारतातल्या मुलींच्या नेतृत्वशिक्षणाचा एक महत्त्वाचा धागा याच शहरातून निघाला आहे, आणि तो फारच थोड्या जबलपूरकरांना ठाऊक आहे. भारतातील पहिली गर्ल गाइड कंपनी १९११ साली जबलपूरला स्थापन झाली. तिच्या मागची हकिकत मुलींना सांगण्याजोगी आहे. १९०९ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये बालवीरांचा मोठा मेळावा भरला होता. मेळावा मुलांचा होता. तरीही काही मुली स्काउटचा पोशाख घालून तिथे हजर झाल्या आणि आम्हालाही यात सामील करून घ्या, असे त्यांनी लॉर्ड बेडन-पॉवेल यांच्यापुढे मांडले. पुढच्याच वर्षी मुलींसाठी गर्ल गाइड ही वेगळी संघटना उभी राहिली, आणि त्यानंतर वर्षभरातच ती नर्मदेकाठच्या या शहरात पोहोचली. प्रारंभी तिची दारे युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलींपुरतीच उघडी होती. भारतीय मुलींना आत पाऊल टाकायला आणखी काही वर्षे जावी लागली. स्वातंत्र्यानंतर १९५० साली भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संघटना स्थापन झाली आणि १९५१ साली मुलींची संघटनाही तिच्यात विलीन झाली. मराठी माणसाला अभिमान वाटावा अशी आणखी एक गोष्ट म्हणजे, जगभरच्या गाइड मुलींसाठी असलेल्या मोजक्या जागतिक केंद्रांपैकी 'संगम' हे केंद्र १९६६ पासून पुण्यात आहे.

परंतु इतिहासापेक्षाही या चळवळीची कार्यपद्धती लक्षात घेण्यासारखी आहे. गाइडच्या कंपनीत शंभर मुलींना एका मोठ्या बाईंच्या शिट्टीवर चालवत नाहीत. सहा ते आठ मुलींची एक छोटी तुकडी असते. इकडे तिला 'टोली' म्हणतात आणि तिला एखाद्या फुलाचे नाव दिलेले असते. टोलीची नायिका त्या मुलींमधलीच एक असते. शिबिरात तंबू कुठे ठोकायचा, लाकूडफाटा कोण आणणार, पाणी कोण भरणार, खिचडी करपली तर पुन्हा चूल कोण पेटवणार, हे ती ठरवते. साऱ्या टोल्यांच्या नायिका एकत्र बसून कंपनीचे प्रश्न सोडवतात आणि शिक्षिका तिथे सल्ला देण्यापुरती असते. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीच्या हाती सात जणींची भूक आणि झोप सोपवण्याचा हा प्रकार आहे. खिचडी करपली तर सात जणी उपाशी राहतील, एवढी ती जबाबदारी खरी असते. आणि त्यामुळे कुणाचे आयुष्य बिघडणार नाही, एवढी ती सोसण्याजोगीही असते. मुलीला द्यायची जबाबदारी अशी दोन्ही बाजूंनी मापात असावी लागते.

मराठी समाजाच्या इतिहासातही हाच धडा आहे. सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली पुण्यात मुलींना शिकवायला सुरुवात केली तेव्हा त्यांचे वय अवघे सतरा वर्षांचे होते. आजच्या हिशेबाने अकरावी-बारावीतली मुलगी. शाळा चालवण्याइतका आत्मविश्वास आधी यावा म्हणून त्या थांबल्या असत्या, तर ती शाळा कधीच सुरू झाली नसती. त्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे हिने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. मुक्ता तेव्हा साधारण चौदा वर्षांची होती. जिच्या समाजाला अक्षरओळखीचाही अधिकार नाकारला गेला होता, ती मुलगी आपल्या लोकांच्या वतीने साऱ्या समाजाला जाब विचारत होती. तिला निबंधलेखनाचे नियम शिकवले होतेच. पण तुझ्याकडे सांगण्यासारखे काही आहे आणि ते मोठ्यांनी वाचण्याजोगे आहे, हा विश्वास तिच्या शिक्षकांनी तिला आधी दिला होता. हे शिकवणे निबंधाच्या नियमांहून मोठे होते.

नेतृत्व म्हटले की डोळ्यांपुढे सर्वांत पुढे चालणारी, हात उंचावून बोलणारी व्यक्ती उभी राहते. जबलपूरच्याच एका कवयित्रीची आठवण ही कल्पना थोडी दुरुस्त करते. सुभद्राकुमारी चौहान यांची राणी लक्ष्मीबाईंवरची कविता ठाऊक नसलेले मूल या शहरात सापडणे कठीण. प्रयागच्या क्रॉस्थवेट शाळेत त्या सातवीत असताना पाचवीतली एक अबोल मुलगी वसतिगृहात त्यांच्या खोलीत राहत होती. ती चोरून कविता लिहायची आणि विचारले तर नाही म्हणायची. सुभद्राने तिची पुस्तके-वह्या शोधून कविता बाहेर काढल्या, तिचा हात धरला आणि ही मुलगी कविता लिहिते, असे साऱ्या वसतिगृहाला सांगून टाकले. ती अबोल मुलगी म्हणजे महादेवी वर्मा. ही हकिकत महादेवींनीच लिहून ठेवली आहे. दुसरीचा गुण आपल्या गुणाइतकाच मोठ्याने सांगणे हे बारा-तेरा वर्षांच्या मुलीतले नेतृत्व होते. मुलींच्या मैत्रीत मत्सर फार असतो, असे सहज म्हटले जाते. त्या मैत्रीत ही ताकदही असते, आणि तिला वाव देणे मोठ्यांच्या हातात असते.

याच सुभद्राकुमारी विवाहानंतर जबलपूरला आल्या. १९२३ साली या शहरात ध्वज सत्याग्रहाची ठिणगी पडली आणि पुढे त्याचे केंद्र नागपूरला गेले. नागपूरच्या त्या सत्याग्रहात अटक करवून घेणाऱ्या पहिल्या स्त्री म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. वयाची एकोणीस वर्षेही तेव्हा पूर्ण झालेली नव्हती. १९४८ साली त्यांचे अपघाती निधन झाले. पुढच्या वर्षी इथल्या नगरपालिकेच्या आवारात त्यांचा पुतळा उभारला गेला, तेव्हा त्याच्या अनावरणाला महादेवी वर्मा आल्या होत्या. पुतळ्याकडे पाहताना लोकांना तुरुंगात गेलेली कवयित्री आठवते. वसतिगृहात मैत्रिणीच्या वह्या धुंडाळणारी मुलगी आठवली, तर पालकांना अधिक उपयोग होईल.

अलीकडचे उदाहरण हवे असेल तर तेही याच शहरात आहे. जबलपूरच्या तिरंदाजी अकादमीत घडलेली मुस्कान किरार २०१८ च्या जकार्ता आशियाई क्रीडास्पर्धेत कम्पाउंड प्रकारात भारतीय महिला संघाकडून खेळली आणि त्या संघाने रौप्यपदक मिळवले. या सांघिक प्रकाराचे नियम पाहण्यासारखे आहेत. प्रत्येक फेरीत तिघींनी मिळून दोन मिनिटांत सहा बाण सोडायचे. प्रत्येकीच्या वाट्याला दोन. घड्याळ तिघींचे एकच असते. एकीने नेम धरण्यात फार वेळ घेतला तर दुसरीचा वेळ संपतो. एकीचा बाण हुकला तर दुसरीला तो भरून काढावा लागतो आणि तिच्यावर चिडायला सवड नसते. आपली वेळ आली की पुढे व्हायचे आणि संपली की बाजूला व्हायचे, हे दोन्ही मैदान शिकवते. म्हणूनच नववीत गेल्यावर अभ्यासासाठी मुलीचा खेळ बंद करणे हा फार महागडा सौदा आहे. मुलांचे क्रिकेट मात्र दहावीतही चालू राहते, याची नोंद प्रत्येक घराने घ्यावी.

मुली काय पाहतात यावरही त्या काय होतात हे पुष्कळसे ठरते. १९९३ च्या कायद्यानंतर पंचायतींमधली काही प्रमुखपदे स्त्रियांसाठी राखीव झाली. पश्चिम बंगालमध्ये त्याचा काय परिणाम झाला, याचा अभ्यास लोरी बीमन, एस्थर डुफ्लो, रोहिणी पांडे आणि पेटिया टोपालोव्हा या चार अर्थतज्ज्ञ स्त्रियांनी केला आणि तो २०१२ साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ४९५ गावांतली ११ ते १५ वर्षांची मुले-मुली आणि त्यांचे पालक यांच्या मिळून ८,४५३ मुलाखती त्यासाठी घेतल्या होत्या. ज्या गावांत प्रमुखपद सलग दोन कार्यकाळ स्त्रीकडे होते, तिथे मुलगा आणि मुलगी यांच्याविषयीच्या आकांक्षांमधली दरी पालकांमध्ये २० टक्क्यांनी आणि मुलामुलींमध्ये ३२ टक्क्यांनी कमी झाली होती. शिक्षणातला फरक पुसला गेला होता आणि मुलींचा घरकामातला वेळही घटला होता. त्या गावांत मुलींसाठी नव्या नोकऱ्या निर्माण झाल्या नव्हत्या. खुर्चीवर एक बाई बसलेली, निर्णय घेताना, चुकताना आणि निभावताना मुलींना रोज दिसत होती, एवढेच.

मध्य प्रदेशात आणि महाराष्ट्रात आज पंचायतींच्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. पण निवडून आलेल्या बाईऐवजी तिचा नवराच कारभार पाहतो, हेही अनेक ठिकाणी घडते, आणि अशा नवऱ्यासाठी 'सरपंचपती' असा शब्दही रूढ झाला आहे. कायद्याने खुर्ची मिळते. खुर्चीवर बसण्याची सवय कायद्याने मिळत नाही. ती सवय चौदाव्या वर्षी लागावी लागते, आणि ती लावण्याच्या जागा दोनच : घर आणि शाळा.

त्या दृष्टीने शाळांमधले समारंभ आठवून पाहावेत. पाहुण्यांना ओवाळायला मुली, रांगोळीला मुली, स्वागतगीताला मुली, पुष्पगुच्छाचे तबक धरायला मुली. मंडपवाल्याशी बोलायला, ध्वनिक्षेपक लावायला, खर्चाचा हिशेब ठेवायला मुलगे. रांगोळी ही कला आहे आणि स्वागतगीतही. त्यात कमीपणा काहीच नाही. परंतु निर्णय आणि पैसा ज्या कामांत असतो, ती कामे नेमकी मुलींच्या वाट्याला येत नाहीत. मराठी मंडळींच्या गणेशोत्सवातही हेच घडते. मुली अथर्वशीर्ष म्हणतात, नृत्य बसवतात, मोदक वळतात. वर्गणीची पावतीपुस्तके मुलग्यांच्या हाती असतात. एका वर्षी पावतीपुस्तक आणि जमाखर्चाची वही दोन मुलींकडे सोपवावी. वर्गणी मागताना नकार ऐकावा लागतो, पुन्हा जावे लागते, उरलेल्या पैशांचा हिशेब चारचौघांपुढे द्यावा लागतो. व्यक्तिमत्त्वविकासाच्या महागड्या शिबिरांत जे शिकवतात, ते या दहा दिवसांत होऊन जाते.

घरातही सुरुवात करता येते. दिवाळीच्या खरेदीतला एक भाग मुलीकडे सोपवावा. पणत्या आणि रांगोळीचे रंग, किंवा धाकट्या भावाचे कपडे. ठरावीक रक्कम तिच्या हाती द्यावी, यादी तिनेच करावी, भाव तिनेच करावा आणि घरी येऊन हिशेब तिनेच लिहावा. पन्नास रुपये जास्त गेले तर जाऊ द्यावेत. मुलाच्या हातून पैसे जास्त गेले की "शिकेल हळूहळू" म्हणतात आणि मुलीच्या हातून गेले की "हिला काही जमत नाही" म्हणतात. या दोन वाक्यांत दोन आयुष्यांचा फरक आहे. चूक करण्याची मुभा ज्याला मिळते, तोच निर्णय घ्यायला शिकतो.

यावर पालकांची एक रास्त शंका असते. गर्दीत धक्के मारणारे असतात, शेरे मारणारे असतात. मुलीला एकटीला बाजारात कसे धाडायचे? ही भीती बिनबुडाची नाही आणि तिला हसण्यावारी नेणे योग्यही नाही. पण भीतीवर कायमची बंदी हा उपाय केला, तर मुलगी वीस वर्षांची झाली तरी तितकीच असहाय राहते. फक्त तेव्हा सोबत नसते. पायरीपायरीने पुढे जाता येते. पहिल्यांदा आई चार पावले मागे उभी राहील, बोलणे मुलीने करावे. मग दोन-तीन मैत्रिणी मिळून दिवसाउजेडी जातील. कोणती दुकाने ओळखीची आहेत, अडचण आली तर कुठे थांबायचे, कुणी अंगचटीला आले तर कसे मोठ्याने ओरडायचे, हे आधीच बोलून ठेवावे. आणि मुलीने घरी येऊन काही वाईट घडल्याचे सांगितले, तर "म्हणूनच सांगत होतो, जाऊ नकोस" हे वाक्य कुणीही उच्चारू नये. त्या वाक्यानंतर मुलगी बाजारात जाणे थांबवते की नाही, हे सांगता येत नाही. पण घरी सांगणे नक्की थांबवते.

मराठी माध्यमात शिकणाऱ्या मुलींविषयी आणखी एक काळजी ऐकू येते. इंग्रजी कच्चे, म्हणून त्या पुढे मागे पडतील. इंग्रजी शिकलेच पाहिजे आणि चांगले शिकले पाहिजे. परंतु घरी मराठीत वाद घालणारी, बडा फुहाऱ्यावर हिंदीत भाव करणारी आणि प्रयोगवहीत इंग्रजी शब्द लिहिणारी मुलगी तीन भाषांत वावरत असते. हे वैगुण्य नाही, मिळकत आहे. स्वतःच्या भाषेत स्पष्ट आणि निर्भयपणे बोलायची सवय ज्या मुलीला लागली, ती दुसरी भाषा शिकताना फक्त शब्द शोधते. धैर्य तिच्यापाशी आधीचेच असते.

माजी विद्यार्थ्यांकडे या हीरकमहोत्सवात देणगीची अपेक्षा आहेच. इमारतीला रंग लागतो, ग्रंथालयाला पुस्तके लागतात. पण त्याहून मौल्यवान अशी एक गोष्ट त्यांच्यापाशी आहे. कुणाचे दुकान आहे, कुणाचा दवाखाना, कुणी बँकेत आहे, कुणी न्यायालयात, कुणी आयुध निर्माणीत होते आणि आता निवृत्त आहे. नववी-दहावीतल्या मुलींना सुटीत आठवडाभर या कामांच्या जवळ येऊ द्यावे. ज्यांना आपल्या कामाच्या जागी मुलींना बसवता येणार नाही, त्यांनी शाळेत येऊन ते काम समजावून सांगावे. विशेषतः माजी विद्यार्थिनींनी यावे. मोठ्या पदावर पोहोचलेल्यांनी यावे, तसेच शिक्षण अर्ध्यावर सुटून चाळिशीत पुन्हा उभ्या राहिलेल्यांनीही यावे. मुलींना यशाच्या गोष्टी पुष्कळ ऐकायला मिळतात. पडून उठलेल्या बाईशी समोरासमोर बोलायला फार क्वचित मिळते.

साठ वर्षांत या शाळेतून कितीतरी मुली बाहेर पडल्या आणि त्यांतल्या अनेकींच्या मुली, नाती आज इथल्या बाकांवर बसल्या आहेत. येत्या वर्षी शाळेच्या स्नेहसंमेलनाचा जमाखर्च, मंडपाची बोलणी आणि सूत्रसंचालन यांची सूत्रे आठवी-नववीतल्या मुलींच्या समितीकडे असतील. मुलगे त्यांच्या हाताखाली काम करतील आणि त्यांनाही त्यातून शिकायला मिळेल. कार्यक्रम कदाचित अर्धा तास उशिरा सुरू होईल, एखादी खुर्ची कमी पडेल, सूत्रसंचालिका एखादे नाव चुकेल. पालकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी त्या अर्ध्या तासाची वाट धीराने पाहावी, एवढीच विनंती आहे.